स्लॉट कारचा टायर गाडीच्या नावावरून नको, चाकाच्या मापावरून घ्या

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडला राहणाऱ्या तुमच्याकडे मामांनी वीसेक वर्षांपूर्वी इंग्लंडहून आणलेली १/३२ मापाची स्कॅलेक्स्ट्रिक कंपनीची जीटी स्लॉट कार, म्हणजे ट्रॅकमधल्या चरीतून (स्लॉटमधून) विजेवर धावणारी खेळण्यातली गाडी आहे, आणि गच्चीवरच्या खोलीत प्लॅस्टिकचा ट्रॅक मांडलाय. मूळचे मागचे टायर कडक होऊन चकाकायला लागले आणि गाडी वळणात साबणावर पाय पडल्यासारखी जायला लागली. म्हणून '१/३२ गाड्यांसाठी' असं लिहिलेले सिलिकॉनचे टायर मागवले. ते चढले सहज, पण दुसऱ्याच फेरीत रिमवर नुसते गरगर फिरायला लागले आणि एक उडून कपाटाखाली गेला. दुसरी जोडी आणली ती इतकी घट्ट, की बसवल्यावर टायरला मधोमध उंचवटा आला. तर कोणता टायर घ्यावा, आणि हार्डवेअरच्या दुकानातली ओ-रिंग, म्हणजे पंपाच्या सांध्यात घालतात ती गोल रबरी रिंग, चालेल का?

ओ-रिंगचं शेवटी सांगतो, कारण त्याचं उत्तर थोडं 'हो' आणि बरंचसं 'नाही' असं आहे.

आधी त्या '१/३२ गाड्यांसाठी' या शब्दांचं बघू. लक्ष्मी रोडवर जाऊन 'मोठ्या माणसाच्या पायात बसेल अशी चप्पल द्या' म्हटलं तर दुकानदार तुमच्याकडे जसा बघेल, तितकाच अर्थ या वाक्याला आहे. खऱ्या रेसिंग जीटी गाडीचा टायर बाहेरून साधारण ६५० मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याला ३२ नं भागलं की २०.३ येतात. म्हणजे १/३२ म्हटल्यावर टायरचं बाहेरचं माप २० च्या आसपास असणार, एवढंच कळतं. आतल्या मापाबद्दल एक अक्षर कळत नाही. स्लॉट डॉट इट या एकाच इटालियन कंपनीची १५.८ × ८.२ ची चाकं आहेत आणि १७.३ × ८.२ ची पण. दोन्ही १/३२ चीच, दोन्ही त्याच २.३८ मिलिमीटरच्या, म्हणजे ३/३२ इंची ॲक्सलवर बसणारी. पण एकाचा टायर दुसऱ्यावर चढवून बघा.

तेव्हा पहिलं काम खरेदीचं नाही, मोजायचं. तुमच्या पत्रात गाडीचं मॉडेल आहे, रंग आहे, मामांचं कौतुक आहे, पण चाकाचं एकही माप नाही. मी चाळीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली, त्यामुळे माप नसलेलं काम समोर आलं की हात आपोआप मागे जातो.

जुना टायर काढताना स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. प्लॅस्टिकच्या रिमची कड एकदा चेपली की पुढचा कुठलाही टायर तिथे वाकडा बसतो. चाक कोमट पाण्यात दोन मिनिटं बुडवा आणि दात कोरायची लाकडी काडी कडेखाली सरकवून सोलत न्या. टायर दगड झाला असेल तर ब्लेडनं कापून काढा, त्याची हळहळ नको. फक्त ब्लेड तिरकं धरा, रिमला लागू देऊ नका.

आता उघडं चाक हातात घेऊन नीट बघा. टायर जिथे टेकतो त्या गोल भागाला मी बैठक म्हणतो. काही चाकांची बैठक सपाट असते आणि दोन्ही कडांना बारीक काठ असतात. काहींना मधोमध खाच असते आणि टायरला आतून त्या खाचेत बसणारा कंगोरा असतो. काहींचं बरोबर उलटं, कंगोरा चाकाला आणि खाच टायरला. तुमच्या दुसऱ्या जोडीला जो उंचवटा आला, त्याचं कारण बहुधा इथेच आहे. टायरच्या आतला कंगोरा खाचेपेक्षा रुंद असला की तो खाचेत उतरत नाही, बैठकीवर चढून बसतो, आणि तेवढाच बाहेर फुगवटा दिसतो. माझ्याकडे अशी जोडी आली तर मी सरळ वस्तऱ्याच्या पात्यानं आतला कंगोरा तासून टाकतो आणि टायर सपाट बैठकीच्या चाकाला वापरतो. पण हे रबर आणि युरेथेन (रबरासारखंच, पण जास्त चिवट प्लॅस्टिक) यांच्या बाबतीत. सिलिकॉनला पातं लागलं की तिथून चीर पुढे पळते.

व्हर्नियरनं बैठकीचा व्यास घ्या. काठाचा नाही, बैठकीचा. इथे बहुतेक जण चुकतात, आणि कंपन्याही मदत करत नाहीत, कारण चाकावर छापलेलं माप पुष्कळदा काठाचं असतं. चाक फिरवून तीन ठिकाणी माप घ्या. तिन्हींत ०.१ पेक्षा जास्त फरक आला तर चाकच गोल नाही, आणि कितीही भारी टायर घातला तरी गाडी उड्या मारणार. व्हर्नियरचे जबडे दोन काठांच्या मधे शिरत नसतील तर आपली जुनी युक्ती: बैठकीभोवती शिवणाचा दोरा एक वेढा गुंडाळा, जिथे टोक जुळतं तिथे पेननं खूण करा, दोरा सरळ करून पट्टीवर मोजा आणि ३.१४ नं भागा. ४६ मिलिमीटर आले तर बैठक १४.६ ची. दोरा पातळ घ्या, गोधडी शिवायचा नको. बैठकीची रुंदी दोन काठांच्या आतून मोजा. खाच असेल तर तिची रुंदी, आणि ती मधोमध आहे की एका बाजूला, हेही लिहून ठेवा. असे पाच आकडे कागदावर आले की निम्मं काम झालं.

एक माप मात्र चुकूनही घेऊ नका: जुन्या टायरचं आतलं माप. ही चूक मी स्वतः केलेली आहे. वीस वर्षं रिमवर ताणून बसलेलं रबर काढल्यावर पुन्हा आपल्या मूळ मापावर जात नाही. ते ताणलेल्या अवस्थेतच म्हातारं झालेलं असतं. मी त्याचं माप घेऊन तीन जोड्या परदेशातून मागवल्या. तिन्ही सैल. एक जोडी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, नात ती बाहुलीच्या बांगड्या म्हणून वापरते.

मग टायरचं आतलं माप किती असावं? बैठकीपेक्षा लहान, हे उघड आहे. किती लहान, ते कशाचा टायर आहे त्यावर. माझा ठोकताळा असा: सिलिकॉन बैठकीपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास लहान, साधं रबर पाच-सात टक्के, आणि युरेथेन तीन-चार टक्के, कारण युरेथेन फारसा ताणला जात नाही आणि तो तसाही चिकटवायचाच असतो. १४.६ च्या बैठकीला सिलिकॉनचा टायर आतून १३.२ च्या जवळपास हवा. तुमची बैठक एवढीच असेल तर तुमची पहिली जोडी बहुधा १४.५ किंवा त्याहूनही मोठी असणार.

सैल टायर का उडतो हे आकड्यात बघितलं तर गंमत वाटेल. या गाड्यांची साधी मोटर १२ व्होल्टला मिनिटाला १८,००० फेरे घेते असं धरू. तुमच्या गाडीत मोटरवर ९ दात्यांचं पिनियन (छोटं गिअर) आणि ॲक्सलवर २७ दात्यांचं क्राउन गिअर असेल तर चाक मिनिटाला ६,००० फेरे घेणार, म्हणजे सेकंदाला १००. वीस मिलिमीटरच्या चाकाच्या परिघावर या वेगात टायरच्या प्रत्येक कणाला त्याच्या वजनाच्या सुमारे ४०० पट जोरानं बाहेर ओढलं जातं. टायर फुगतो, बैठकीवरची पकड सुटते, आणि सिलिकॉन तर इतका मऊ की तो पहिल्यांदा सुटतो. सरळ रस्त्यावर गाडी जोरात असताना नेमका त्याच वेळी टायर घसरतो आणि आपण मात्र हातातल्या कंट्रोलरच्या ट्रिगरला दोष देत बसतो.

टायर ताणून बसवला की बाहेरचा व्यासही वाढतो, पण तेवढाच नाही. आत १३.२ आणि बाहेर १९ असा टायर १४.६ च्या बैठकीवर चढवला तर आतून १.४ मिलिमीटर वाढला. बाहेरून मात्र १ च मिलिमीटर वाढतो, २० होतो. रबर तेवढंच, त्याला जास्त मोठा घेर व्यापायचा, म्हणून भिंत २.९ वरून २.७ वर येते. रुंदीही किंचित आक्रसते, त्यामुळे प्रत्यक्षात २० पेक्षा थोडं जास्तच मिळेल. याचा उपयोग असा की पाकिटावर '१९' लिहिलंय म्हणून टायर लहान पडेल असं समजू नका. बसवल्यावर काय होणार ते आधी कागदावर काढा.

बाहेरचं माप ठरवताना तीन जागा अडतात. पहिली म्हणजे चाकाची कमान. बॉडीवर अंगठा दाबून गाडी एका बाजूला पूर्ण कलती करा, तरी टायर आणि कमान यांच्यात पोस्टकार्ड सरकलं पाहिजे. दुसरी जागा पुष्कळांच्या लक्षातच येत नाही: चुंबक. प्लॅस्टिकच्या ट्रॅकवरच्या गाड्यांना पोटाखाली चुंबक असतो, तो ट्रॅकमधल्या लोखंडी पट्ट्यांकडे खेचला जातो आणि गाडी वळणात टिकते. टायर अर्धा मिलिमीटर लहान घेतला की मागची बाजू पाव मिलिमीटर खाली येते. पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण चुंबकाचा जोर अंतर कमी झालं की झपाट्यानं वाढतो. गाडी अचानक रुळाला चिकटल्यासारखी होते, मोटर गरम होते, आणि फार खाली गेली तर चुंबक पट्टीला घासून ठिणग्या पडतात. मोजायला फीलर गेज नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद घ्या, तो ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. सात-आठ पट्ट्या एकावर एक ठेवून चुंबकाखालून सरकवा. सरकल्या तर ठीक. उलट टायर मोठा घेतला तर चुंबक वर जातो आणि नव्या टायरची पकड चांगली असूनही गाडी वळणात उडते. मग माणूस म्हणतो, टायर बेकार आहे.

तिसरी जागा गिअरची. ९ आणि २७ म्हणजे तीनास एक. २०.३ च्या टायरवर मोटरच्या एका फेऱ्यात गाडी २१.३ मिलिमीटर पुढे जाते, १९.५ च्या टायरवर २०.४. चार टक्क्यांचा फरक. कोथरूडच्या गच्चीवरच्या खोलीत सरळ रस्ता किती लांब असणार? दोन-अडीच मीटर. तिथे लहान टायर बरा, गाडी वळणातून लवकर उचल घेते. मोठ्या टायरचा टॉप स्पीड मिळायच्या आत भिंत येते.

आता कशाचा टायर घ्यायचा. यात तज्ज्ञ म्हणवणाऱ्या मंडळींची कडाक्याची भांडणं होतात, आणि गंमत अशी की सगळे आपापल्या ट्रॅकपुरते बरोबर असतात.

तुमचा ट्रॅक प्लॅस्टिकचा, खोली बंद, म्हणजे सिलिकॉनला उत्तम जागा. गुळगुळीत प्लॅस्टिकवर सिलिकॉनची पकड जबरदस्त असते, झीज जवळजवळ नाही आणि काळा डागही पडत नाही. पण सिलिकॉनला धूळ चालत नाही. तुमची खोली गच्चीवर आहे, आणि पुण्यात कुठे ना कुठे शेजारी इमारत पाडून नवीन बांधायचं चालूच असतं. एप्रिल-मे मध्ये खिडकी उघडी राहिली की सकाळी ट्रॅकवर बोटानं नाव लिहिता येतं. अशा ट्रॅकवर सिलिकॉनचा टायर तीन फेऱ्यांत पिठात लोळवलेल्या लाडवासारखा होतो. उपाय सोपा आहे. चिकटपट्टी उलटी करून टेबलावर लावा आणि मागची चाकं त्यावर दोन-चार वेळा फिरवा, धूळ पट्टीवर निघून येते. ट्रॅक ओल्या फडक्यानं पुसून, पूर्ण वाळवून मगच गाडी लावा. पट्ट्यांवर ओल राहू देऊ नका. पावसाळ्यात स्कॅलेक्स्ट्रिकच्या पट्ट्यांना गंज धरतो आणि तो तांबूस भुगा पुन्हा टायरवरच येतो.

सिलिकॉनचं दुसरं पथ्य तेलाचं. पेट्रोल, लायटरचं इंधन, मशीनचं तेल यांनी सिलिकॉन फुगतो आणि सैल होतो. ॲक्सलला तेल देताना सुईच्या टोकानं द्या. आणि ज्या ट्रॅकवर कोणी तेल लावलेले रबरी टायर चालवलेत, तिथे सिलिकॉन घेऊन जाऊच नका. मित्राच्या ट्रॅकवर गेलात तर आधी विचारा. नाहीतर दोघांचाही खेळ बिघडतो, आणि मैत्रीही थोडी.

लाकडाचा, रंग दिलेला ट्रॅक असता तर मी बिनदिक्कत युरेथेन सांगितला असता. त्याची पकड सिलिकॉनच्या किंचित मागे, पण धुळीचा तो फारसा बाऊ करत नाही आणि पॉलिश पेपरवर सुंदर गोल होतो. जर्मनीच्या ऑर्टमनचे टायर याच जातीचे. तुमची खोली खरोखरच धुळीची असेल आणि रोज ट्रॅक पुसायचा उत्साह नसेल, तर प्लॅस्टिकवरही युरेथेनच घ्या. माझ्या घरी मी तेच केलंय. सिलिकॉनपेक्षा दोन-तीन दशांश सेकंद हळू जातो, पण दर रविवारी तितकाच हळू जातो, त्याचा मूड बदलत नाही.

साधं रबर म्हणजे कंपनीचं मूळचं. नवीन असताना चांगलं असतं, घासून गोल होतं, आणि लायटरच्या इंधनानं पुसलं की परत चिकट होतं. पण हवा, ऊन आणि वय या तिन्हींनी कडक होतं. तुमच्या मूळच्या टायरचं नेमकं तेच झालं. ते मऊ करायला काही जण रात्रभर तेलात बुडवतात. मऊ होतात, फुगतातही, आणि दोन आठवड्यांत त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. मी या वाटेला जात नाही. स्पंजाचे टायर १/२४ च्या मोठ्या शर्यतींच्या गाड्यांना लावतात, ते तुमच्या कामाचे नाहीत.

बरोबर मापाचा टायर मिळाला तरी तो नुसता चढवून सोडू नका. बैठकीला हाताचं तेल लागलेलं असतं, नव्या चाकाला साच्यातून काढतानाचं तेल असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ती पुसा आणि बोट न लावता टायर चढवा. कंगोरा खाचेत सगळीकडे उतरलाय का ते चाक प्रकाशात फिरवून बघा. रबर आणि युरेथेन फेविक्विकनं चिकटवा. टायरची कड काडीनं उचलून तीन ठिकाणी मुंगीएवढा थेंब, मग कड सोडून चाक बोटांत फिरवायचं. सिलिकॉनला फेविक्विक धरत नाही, कितीही ओता. त्याला काचेच्या फिश टँकला वापरतात ते सिलिकॉन सीलंट लागतं, तेही बैठकीवर अगदी पापुद्र्याइतकं. व्हिनेगरसारखा वास येणारं असेल तर मोटरपासून लांब, चाक ॲक्सलसकट बाहेर काढून लावा. हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानं पक्कं होतं. पावसाळ्यात एका रात्रीत होऊन जातं, एप्रिलच्या कोरड्या हवेत मी पूर्ण दिवस थांबतो.

मग एक परीक्षा. चाकाच्या काठापासून टायरच्या बाजूवर एक बारीक सरळ रेघ मारा, काळ्या टायरवर पांढऱ्या मार्करनं. पाच फेऱ्या जोरात चालवा आणि रेघ बघा. सरळ राहिली तर टायर चाकाला धरून आहे. टायरवरचा तुकडा पुढे-मागे सरकला तर तो आत घसरतोय, मग कानाला काही ऐकू येवो न येवो. तुमची पहिली जोडी अजून असेल तर तिच्यावर हे करून बघा, रेघ पहिल्याच फेरीत तुटेल.

घासायचं काम युरेथेन आणि रबरासाठी. खिडकीच्या काचेचा तुकडा टेबलावर, त्यावर २४० नंबरचा वॉटर पेपर दुहेरी टेपनं ताणून चिकटवलेला. गाडीचं तोंड थोडं उचलून धरायचं, मागचे टायर कागदावर, दोन वायर गाइडच्या (चरीत उतरणाऱ्या पुढच्या पात्याच्या) ब्रेडला, म्हणजे वीज घेणाऱ्या तारांच्या वेणीला लावून सहा-सात व्होल्ट द्यायचे आणि गाडीच्या वजनानेच घासू द्यायचं. दाबायचं नाही. हातानं दाबलं की एकच बाजू घासली जाते आणि टायर शंकूसारखा होतो. वीस-वीस सेकंदांनी थांबून बघा. नव्या टायरवर सुरुवातीला फक्त मधला पट्टा किंवा एक कड मळकट दिसते, म्हणजे तेवढाच भाग जमिनीला लागतोय. मळकट भाग पूर्ण रुंदीभर पसरला की थांबा, मग ४०० आणि ६०० नंबरचा कागद थोडा थोडा. मोटर गरम लागली की पाच मिनिटं विश्रांती. नाकाला रुमाल बांधा, तो भुगा बारीक असतो. सिलिकॉन या कागदावर घासला जात नाही, त्याचे कण उपटतात. म्हणून सिलिकॉन घेताना तो साच्यातूनच गोल निघालाय ना हे बघूनच घ्यायचा.

पुढच्या टायरबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण तिथेच ओ-रिंग येते. पुढच्या टायरला पकड नको असते. तो फक्त गाडीचं तोंड योग्य उंचीवर ठेवतो, म्हणजे गाइड स्लॉटमध्ये पूर्ण उतरतो. पुढचा टायर मऊ आणि मोठा असेल तर वळणात तो अडतो आणि गाइड वर उचलतो. मागे छान सिलिकॉन घातले आणि पुढेही तेच घातले म्हणून गाडी उडायला लागल्याची तक्रार माझ्याकडे वर्षातून दोनदा तरी येते. पुढे जुने कडक टायरच ठेवा, हवं तर त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा एक हात द्या.

१/२४ च्या शर्यतीच्या गाड्यांना पुढे ओ-रिंगच असते, त्यामुळे तुमची कल्पना अगदीच वेडगळ नाही. रविवार पेठेत बोहरी आळीत मी एकदा ओ-रिंग घ्यायला गेलो होतो. दुकानदारानं विचारलं, "कुठल्या पंपाला?" म्हटलं, "खेळण्यातल्या गाडीला." त्यानं डबा पुढे सरकवला आणि म्हणाला, "मग तुम्हीच शोधा, काका." अर्धा तास शोधलं. ओ-रिंगची जाडी ठरावीक मापात येते: १.७८, २.६२, ३.५३ मिलिमीटर. पुढच्या चाकाला मध्ये गोल खाच असेल तर २.६२ ची रिंग बऱ्याचदा जमते. नेहमीच्या काळ्या नायट्राइल रिंगचा कडकपणा 'शोर ए' या रबराच्या कडकपणाच्या मापावर ७० असतो, तेलानं ती बिघडत नाही आणि पकड फारशी नाही, म्हणजे पुढच्या चाकाला हवं तेच. पण मागे लावाल तर गाडी बर्फावर चालल्यासारखी जाईल, कारण रिंगचा छेद गोल असतो आणि जमिनीला जेमतेम एक रेघ टेकते. दोन रिंगा शेजारी शेजारी घालूनही मी बघितलंय. दोन रेघा टेकतात, बस.

जुन्या चाकाचं माप कुठल्याच टायरशी जुळत नसेल तर चाकच बदला. स्लॉट डॉट इट किंवा एनएसआरची ॲल्युमिनियमची चाकं ग्रब स्क्रूनं (बिनडोक्याच्या बारीक स्क्रूनं) बसतात, आणि एकदा ती आली की त्यांचे टायर मापासकट मिळतात. मात्र तुमच्या गाडीचं मूळ चाक ॲक्सलवर दाबून बसवलेलं आहे, ॲक्सलला तिथे रेघारेघा असतात. नवीन चाकाबरोबर गुळगुळीत ॲक्सलही घ्या. लेथवर चाक कातून घ्यायचा मोह होईल, भोसरीत ओळखीचे असले तर जास्तच. मीही घेतली होती. कारागिराला १४.५ सांगितले, त्यानं वहीत १५.४ लिहिले, आणि मी तो कागद न वाचता सही केली. चूक माझीच.

खेळून झाल्यावर गाडी टायरवर उभी ठेवू नका. मऊ टायर आठवडाभर एका जागी दबला तर तिथे सपाट होतो आणि पुढच्या रविवारी गाडी टकटक वाजते. काडेपेटीवर पोट टेकवून ठेवा, चाकं अधांतरी. आणि टायर कपाटाखाली गेला म्हणालात, तो एवढ्यात फेकू नका. सीलंट लावून आणखी एकदा बघा. बैठक १४.६ ची असेल आणि आतलं माप १४ च्या खाली निघालं तर अजून तो चालेल.